उतरवलेलं आधण

कौसल्याबाईंच्या खानावळीत त्या दिवशी होतं ते एवढं: गॅसच्या सात शेगड्या, त्यांतल्या सहांवर बिडाचे तवे, सहा काठवटी, भाकऱ्या थापणाऱ्या सहा बायका, डाळीचे दोन कुकर, भरल्या वांग्यांचं एक पातेलं, ज्वारीच्या पिठाचं एक पोतं आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी, सातव्या शेगडीवर, तांब्याचा एक हंडा. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत त्या हंड्यात पाण्याच्या दहा कळश्या पडल्या. पीठ मळायला त्यातल्या सहा लागल्या. उरलेल्या चार कळश्या पाणी कुठे गेलं, असं वेदश्रीने मावशीला विचारलं.

"कुठे जाणार? वर गेलं," कौसल्याबाई खिडकीकडे हात करून म्हणाल्या. "आणि जाऊ दे की. तीच आपली पाटी आहे."

हे खरंच होतं. कमरीपेठेतल्या त्या बोळात खानावळीला नावाची पाटी नव्हती. खिडकीतून वाफेचा लोट बाहेर येताना दिसला की लोक समजत, आत भाकरी गरम आहे. वाफ नाही, म्हणजे खानावळ बंद. कौसल्याबाईंच्या सासूबाई इंदुमती यांनी ही रीत घालून दिली होती: पंगत उठेपर्यंत आधण उतरवायचं नाही आणि तव्याखालची आग विझवायची नाही. कोणी जेवायला बसलेलं असताना चूल थंड करणं म्हणजे त्याला "आता ऊठ" म्हणण्यासारखं, असं त्या सांगत. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, चुली जाऊन गॅस आला, पण रीत जशीच्या तशी राहिली.

वेदश्री ही कौसल्याबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. धारवाडला भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून नुकतीच मोकळी झाली होती. ती आपण होऊन आली नव्हती, मावशीनेच तिला बोलावून घेतलं होतं, आणि तसं बोलावण्याची पाळी यावी असंच कारण होतं.

खानावळीची इमारत पाडायची ठरली होती. युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आत जागा रिकामी करायची होती. हुबळीत दुसरीकडे एवढं स्वयंपाकघर मिळण्याची काही चिन्हं नव्हती आणि सहा बायकांची घरं या सहा तव्यांवर चालली होती. अशा वेळी गोकुळ रोडच्या पलीकडच्या पंपांच्या कारखान्यातून विचारणा आली. त्यांना उपाहारगृह चालवायला कोणी तरी हवं होतं. आधीचा ठेकेदार पिशवीतल्या थंडगार भाकऱ्या वाढायचा, म्हणून कामगारांनी एक दिवस ताटं तशीच टेबलावर सोडून दिली होती. तेव्हा पहिली अट होती गरम ज्वारीची भाकरी. दुसरी अट मात्र कौसल्याबाईंनी जन्मात ऐकली नव्हती. एका ताटामागे गॅस साठ ग्रॅमपेक्षा जास्त जाळायचा नाही. कारखान्याने आपलं इंधन कमी करायचं ठरवलं होतं, आणि त्यात ओतकामाच्या भट्टीपासून डाळीच्या कुकरपर्यंत सगळं धरलं होतं.

"ताटातलं मीठ ग्रॅममध्ये मोजतात हे ऐकलं होतं," कौसल्याबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "आग ग्रॅममध्ये कशी मोजायची?"

"सिलिंडर काट्यावर ठेवून," वेदश्री म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने भंगारबाजारातून पोती तोलायचा काटा भाड्याने आणला.

मोजणी झाली. एकशे नव्वद ताटं, अठरा किलो गॅस. एका ताटामागे पंचाण्णव ग्रॅम.

कौसल्याबाईंनी आकडा ऐकला आणि पदराने कपाळ पुसलं. कोणी तरी घरात येऊन, तुमच्या पोरीचं वजन जास्त आहे, असं सांगावं तसं त्यांना वाटलं. "साठ कसं होणार गं? निम्मी भाकरी कच्ची वाढू?"

"भाकरी पुरी भाजायची. पण आत्ता आपण बोळ भाजतोय," वेदश्री म्हणाली. तिने मावशीला तव्यापाशी नेलं. ज्वाळा तव्याच्या कडेबाहेर येऊन नुसत्या हवेत नाचत होत्या. "हात लावून बघ. तव्यापेक्षा भिंत जास्त तापलीय. आणि तो हंडा! मावशी, पाणी एकदा उकळलं की त्याखाली कितीही आग लाव, ते आणखी गरम होत नाही. आपल्या हुबळीच्या उंचीवर अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं, आणि तिथेच थांबतं. त्यापुढची सगळी आग नुसती वाफ करते. त्या चार कळश्या उडवायला जवळजवळ तीन किलो गॅस लागला."

तव्यांचं काम सोपं निघालं. बोळाच्या तोंडाशी पत्र्याचे डबे करणारा एक कारागीर होता. त्याने प्रत्येक शेगडीभोवती बसेल असं पत्र्याचं कडं करून दिलं, वीतभर उंच, वर वारा जायला फट ठेवलेलं. ज्वाळा बाहेर पळायच्या थांबल्या. तवा अर्ध्या आचेवरच पूर्वीसारखा तापू लागला. जयलक्ष्मी ही बायकांतली सगळ्यांत जुनी, हात सगळ्यांत जलद. तिने दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अक्का, माझ्या पोटावर रोज ऊन लागायचं, ते गेलं बघा. ह्या कड्याला साडी नेसवली तरी चालेल."

पण तेवढ्याने आकडा सत्तरीच्या आसपास येऊन अडला. राहिला हंडा.

हंडा उतरवायचं नुसतं नाव काढायलाही वेदश्री दोन दिवस घाबरत होती. शेवटी ती एकदाचं बोलली. सकाळी एकदाच पाणी उकळायचं, दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये भरायचं, कॅन वाकळीत गुंडाळून ठेवायचा, लागेल तसं नळीने घ्यायचं. कौसल्याबाईंनी देवाकडे पाहिलं, सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं, मग गॅसच्या काट्याकडे पाहिलं. "एक दिवस," त्या म्हणाल्या. "करून बघू. पण माझ्या डोळ्यांसमोर."

तो दिवस खानावळीच्या इतिहासात कोणी विसरणार नाही.

पहिली गोष्ट, साडेअकरा झाले तरी गिऱ्हाईक येईना. बारा वाजता कौसल्याबाईंनी दारात जाऊन पाहिलं तर नेहमीचे सात-आठ जण बोळाच्या कोपऱ्यावर उभे. खिडकीकडे बघत, आपापसांत बोलत. त्यांत रोज येणारे निवृत्त शिक्षक बाळाचार्यही होते.

"अहो गुरुजी, तिथे काय उभे? या की!"

"वाफ नाही म्हणून म्हटलं, कोणी गेलं की काय घरात," बाळाचार्य म्हणाले. "चौकशी करावी की नको, यावरच चर्चा चालली होती."

"कोणी गेलेलं नाही. हंडा उतरवलाय."

"अरेरे," गुरुजी म्हणाले, जणू खरंच कोणी गेलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. आत जयलक्ष्मीने कॅनमधलं पाणी घेऊन पीठ मळलं, गोळा काठवटीत ठेवला आणि थापायला घेतला. तीन थापांत कड फाटली. तिने पाण्याचा हात लावून ती सांधली, चौथ्या थापेला मधूनच चीर गेली. शेजारणीची भाकरी उचलतानाच दोन तुकडे झाली. "अक्का, रोट्टी वडीताव!" जयलक्ष्मी ओरडली, आणि सहाही काठवटींकडून तोच सूर आला. भाकऱ्या फुटत होत्या.

कौसल्याबाईंनी जमतील तेवढ्या सांधून वाढल्या. बाळाचार्यांनी आपली भाकरी ताटात नीट लावून पाहिली. "कौसल्याबाई, आज भाकरीचा नकाशाच मिळाला की. हे धारवाड, हे गदग, हे इकडे अळणावर." त्यांनी बोटाने मोकळी जागा दाखवली. "बेळगाव तेवढं तव्यावर राहिलं वाटतं."

जेवणारे हसले. कौसल्याबाईही हसल्या, पण आत येऊन त्यांनी हंडा धाडकन शेगडीवर चढवला. "तुझं विज्ञान झालं का?" त्या भाचीला म्हणाल्या. "सासूबाईंनी मला या घरात आल्या दिवशी सांगितलं होतं, ज्वारीला गहू समजू नकोस. गहू लाडका आहे, कसाही मळ. ज्वारीला उकळतंच पाणी लागतं, नाही तर ती अंग चोरते."

वेदश्रीचे कान लाल झाले होते. ती कॅनमध्ये थर्मामीटर धरून उभी होती. "एकोणऐंशी," ती हळूच म्हणाली. "चुकलंच माझं. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो. पाण्याच्या उष्णतेने पिठातलं स्टार्च फुगतं, त्यानेच ते धरून राहतं. हे मला माहीत होतं मावशी. पुस्तकात वाचलेलं. आणि तरी मी सकाळी आठचं पाणी दुपारी बाराला वापरायला दिलं."

तिचा चेहरा बघून कौसल्याबाईंचा राग अर्धा उतरला. त्यांनी तिला एक सांधलेली भाकरी आणि वांगं वाढलं. "खा आधी. पोटात नसलं की डोकं चालत नाही. आणि सगळा दोष तुझाही नाही. हे मार्गशीर्षाचे दिवस. थंडीत उकळत्या पाण्यानेही भाकरी रुसते. दरवर्षीचं आहे. जयलक्ष्मीला विचार, चैत्रात कशी चंद्रासारखी होते."

वेदश्री घास घेता घेता थांबली.

"उकळत्या पाण्यानेही?"

"हो गं. पाणी तेच, हात तेच. थंडीत दहातली एक फुटतेच."

"पाणी तेच," वेदश्री म्हणाली. तिने ताट बाजूला सारलं आणि उष्ट्या हाताने उठून पिठाच्या पोत्यात थर्मामीटर खुपसला. सगळ्या बायका बघत राहिल्या. "सतरा! पीठ सतरा अंशांवर आहे. चैत्रात ते तीसच्या वर असणार. मावशी, मी इतके दिवस नुसतं पाणी बघत होते. पण कणकेत निम्मं पीठ असतं!"

"मग?"

"मग पाण्याला जेवढं गरम व्हावं लागतं ते या थंड पिठाला आपल्याबरोबर ओढून न्यायला. पीठच आधी गरम असलं तर?" ती बोटांवर हिशेब करू लागली. "पीठ तापायला पाण्याच्या निम्म्याहून कमी उष्णता लागते. अठ्ठ्याण्णवचं पाणी आणि सतराचं पीठ मिसळलं की कणीक पंचाहत्तरच्या आसपास जाते. आणि चौऱ्याऐंशीचं पाणी, पण पीठ पंचावन्नचं..." ती थांबली, पुन्हा मोजलं. "तेही पंचाहत्तर."

जयलक्ष्मीने कपाळावर हात मारला. "पिठाला अंघोळ घालायची म्हणा की."

"अंघोळ नाही, शेक द्यायचा. आणि त्यासाठी वेगळा गॅस नको. कड्यांच्या फटीतून जो गरम वारा वर येतो, तो फुकटच जातोय."

पत्रेवाल्याकडे पुन्हा फेरी झाली. या वेळी दोन कड्यांच्या मधे बसेल अशी रुंद पट्टी आणि तिच्यावर पसरट, झाकणाचं ताट. पहिल्या दिवशी ताटात पीठ भरगच्च घातलं तर खालचं तापलं आणि वरचं गारच. मग दोन बोटं जाडीचा थर ठेवायचा आणि अधूनमधून उलथनं फिरवायचं असं ठरलं. तापलेलं पीठ किंचित कोरडं होई, त्याला ओंजळभर पाणी जास्त लागे, तेही हाताला कळलं. रोज दुपारी गिऱ्हाईक उठल्यावर एकेका पाण्याने, एकेका पिठाने भाकऱ्या थापून पाहिल्या गेल्या. फुटलेल्या जयलक्ष्मी गायीसाठी बाजूला ठेवी. आठवडा संपला तेव्हा ती म्हणाली, "आता गाय उपाशी राहते हो अक्का."

खिडकीतल्या वाफेचं काय करायचं, हा प्रश्न कौसल्याबाईंनी स्वतःच सोडवला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दाराला पाटी लावली. "खानावळ चालू आहे. वाफ बघू नये."

ठेका कोणाला द्यायचा ते कारखाना एका दिवसाचं जेवण करवून ठरवणार होता, आणि त्या चाचणीचा दिवस पौषातला निघाला. एका टेम्पोत तवे, कडी, पिठाची ताटं, वाकळी, कॅन आणि सहा बायका बसून निघाल्या. कारखान्याचं स्वयंपाकघर लखलखीत होतं. त्यांच्या आधी दोघांची चाचणी झाली होती. एकाची भाकरी गरम होती पण गॅस ऐंशीवर गेला, दुसऱ्याचा गॅस बसला पण भाकरी कामगारांनी परत पाठवली.

गॅस मोजायला होता श्रीनिधी नावाचा तरुण इंजिनियर, खिशाला तीन पेनं लावलेला. भाकरीचा निकाल द्यायला होते ओतकाम विभागातले अप्पाजी, पांढऱ्या मिशांचे, कामगारांच्या वतीने. त्यांनी आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. शेगड्यांना घातलेली कडी, वाकळीत गुंडाळलेला कॅन. "ही बाळंतीण कोण?" त्यांनी विचारलं.

"पाणी आहे," कौसल्याबाई म्हणाल्या.

"मुलगा की मुलगी ते जेवताना कळेल," म्हणून अप्पाजी निघून गेले.

श्रीनिधीने सिलिंडर काट्यावर चढवला. सदतीस किलो सहाशे चाळीस ग्रॅम. "जेवणारे दोनशे चार," तो म्हणाला. "म्हणजे बारा किलो दोनशे चाळीसपर्यंत तुम्हाला मुभा. काटा खोटं बोलत नाही हं, मावशी."

"मीही बोलत नाही," कौसल्याबाईंनी सांगितलं.

साडेबाराला पहिले एकशे दहा जण आले, कार्यालयातले आणि जुळणी विभागातले. पाणी ब्याण्णव अंशांवर होतं, पीठ अठ्ठावन्नवर. सहा काठवटींवर थापांचा एकच ताल धरला गेला. भाकऱ्या फुगल्या, उतरल्या, ताटांत पडल्या आणि एकही परत आली नाही.

मग श्रीनिधी धावत आत आला. ओतकामाच्या भट्टीचा रस उशिरा तयार झाला होता. साचे भरून होईपर्यंत तिथली माणसं हलू शकत नव्हती. उरलेले चौऱ्याण्णव जण सव्वा तास उशिरा येणार होते. "चूक आमची आहे," तो म्हणाला, "पण काट्याला ते कळत नाही. पाहिजे तर आत्ताच सगळ्या भाकऱ्या करून ठेवा."

"आणि त्यांना गार वाढू?" कौसल्याबाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर आधीच्याला घालवलंत."

वेदश्री काट्याशी उभी होती. "सहा किलो सातशे गेलंय," ती म्हणाली. "डाळ-भाजी झालीय. उरलेल्या भाकऱ्यांना चार किलो तरी लागेल, ओतकामाची माणसं आहेत, जास्त खातील. आणि हे सहा तवे सव्वा तास नुसते जळत ठेवले तर वर पावणेदोन किलो. बारा किलो दोनशे चाळीसच्या पुढे जातो आपण. थोडंसंच, पण जातो."

"आणि विझवले तर?"

"तवे परत तापवायला पाव किलोही लागणार नाही. पण पिठाचा शेक तव्यांवरच आहे. तवे विझले की पीठ गार. पाणीही तोवर उतरलेलं असेल. दोन्ही गार झालं तर..." भाकरीचा नकाशा सगळ्यांना आठवला. "हे मी करून बघितलेलं नाही मावशी. मला खरंच माहीत नाही."

सहा जणी कौसल्याबाईंकडे बघत होत्या. युगादीला आता दोन महिने उरले होते. त्यांतल्या मालतीचा मुलगा धारवाडला शिकत होता, जयलक्ष्मीच्या घरात मिळवणारी ती एकटीच. कौसल्याबाई शेगड्यांसमोर उभ्या राहिल्या. निम्मी पंगत अजून बसायची होती. सासरी आल्यापासून, सोयर असो सुतक असो, पंगत उठायच्या आधी त्यांनी कधी बटण फिरवलं नव्हतं. त्यांचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला.

"अक्का," जयलक्ष्मी हळूच म्हणाली. "पंगत उठायची आहे अजून."

"माहीत आहे."

त्यांनी पहिलं बटण बंद केलं. मग दुसरं. सहाही बटणं त्यांनी स्वतःच्या हातांनी, एकामागून एक, बंद केली.

"आता बघत काय राहिलात?" कौसल्याबाई एकदम कडाडल्या. "वेदा, पाणी वाकळीत राहतं तर पिठाला काय बाहेर थंडी वाजू द्यायची? ताटं उचला! सगळं पीठ गरम आहे तोवर एका पातेल्यात ओता. पसरलेलं लवकर निवतं, ढीग लवकर निवत नाही. झाकण घाला. ठेवा ते पातेलं कॅनला चिकटवून, आणि दोघांवर मिळून दोन वाकळी टाका. माझी शालही घ्या."

वेदश्री पळत सुटली. पीठ पातेल्यात गेलं, पातेलं कॅनच्या कुशीत गेलं. सहा बायकांनी मिळून वाकळी अशा खोचल्या, जणू पाळण्यात जुळी मुलं निजवलीत. सव्वा तास कोणी वाकळीला हात लावला नाही. वेदश्री तीनदा थर्मामीटर घेऊन पुढे आली आणि तीनदा कौसल्याबाईंनी तिचा हात खाली केला. "झाकण उघडून बघितलं की गार होतं. एवढं मलाही कळतं."

ओतकामाची माणसं आली तेव्हा त्यांच्या अंगाला भट्टीचा वास होता आणि चेहरे उकडलेले. तवे पाच मिनिटं आधीच पेटवले होते. वाकळी निघाल्या. वेदश्रीने पाण्यात थर्मामीटर धरला. "चौऱ्याऐंशी." मग पिठात. ती बघत राहिली. "त्रेपन्न."

"चांगलं की वाईट?" मालतीने विचारलं.

"थापून बघा," वेदश्री म्हणाली.

जयलक्ष्मीने पीठ काठवटीत घेतलं, पाणी ओतलं, उलथन्याने कालवलं आणि हाताला चटके बसत असतानाच मळायला लागली. गोळा झाला. पहिली थाप, दुसरी, तिसरी. तिने काठवट फिरवली. कड गोल होती. भाकरी रुंदावत गेली, तळहाताएवढी, ताटाएवढी. तिने ती दोन्ही हातांवर उचलली. ती हातांवर लोंबली, पण तुटली नाही. तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, आणि मधोमध फुगा धरून अशी वर आली की जयलक्ष्मीने दुसऱ्या भाकरीचा गोळा हातात तसाच धरून आरोळी ठोकली. काय ओरडली ते तिलाही सांगता आलं नसतं. तोवर इतर पाच काठवटींवर थापा सुरू झाल्या होत्या.

अप्पाजींनी पहिली भाकरी हातात घेतली, मधे दुमडली, नाकाजवळ नेली. भाकरीतून वाफ निघाली आणि त्यांच्या मिशा ओल्या झाल्या. त्यांनी ती वांग्याच्या रश्शात बुडवून खाल्ली, दुसरी खाल्ली, मग ताटावर हात पसरून स्वयंपाकघराकडे बघत मोठ्याने म्हणाले, "इन्नोंद कोड्री!" आणखी एक द्या. त्यांच्या ओळीतल्या सगळ्यांनी तेच म्हटलं. कोणी तरी टेबलावर थाप मारली, मग सगळ्या हॉलने मारली. आतून काठवटींच्या थापा, बाहेरून टेबलांच्या, आणि कौसल्याबाई दोन्हींच्या मधे भाकऱ्यांची चवड घेऊन धावत होत्या.

"मुलगा की मुलगी?" त्यांनी अप्पाजींना वाढता वाढता विचारलं.

"जुळं, अक्का," अप्पाजी तोंडात घास धरून म्हणाले. "आणि दोन्ही गुटगुटीत."

पंगत उठली. कौसल्याबाईंनी सहा बटणं दुसऱ्यांदा बंद केली. सहाही बायका ओले हात पदराला पुशीत काट्याभोवती उभ्या राहिल्या. अप्पाजी ताटं मोजून आले. श्रीनिधी आणि वेदश्रीने दोन बाजूंनी धरून सिलिंडर काट्यावर ठेवला, आणि काट्यावरचे आकडे वर-खाली होत होत थांबले.

सव्वीस किलो सहाशे वीस ग्रॅम. ताटं दोनशे चार. एका ताटामागे गॅस चोपन्न ग्रॅम.